ट्रंकेतली लोकर आणि वॉचमनच्या अंगातला स्वेटर

नाशिकमध्ये राहणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. आईने सायकलच्या तारांवर पहिले टाके घालायला शिकवले तेव्हापासून, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षापासून, त्या विणत आल्या आहेत. निवृत्तीनंतर दोन मैत्रिणींबरोबर त्या वर्षातून दोनदा प्रवासाला जातात आणि जिथे जातील तिथली लोकर घेऊन येतात. कुलू, लेह, मुनस्यारी आणि गेल्या वर्षी मुलीकडे स्कॉटलंडला गेल्या असता शेटलंडची बेटे, असा हा प्रवास झाला आहे. आज घरात दोन ट्रंका भरून सुमारे 9 किलो लोकर आणि अर्धवट राहिलेली 11 विणकामे आहेत. मुलाच्या वाढदिवसाला अचानक द्यायचा म्हणून त्याच्या जुन्या शर्टाच्या मापाने, चार महिने खपून, त्यांनी कुलूच्या लोकरीचा स्वेटर विणला होता. गेल्या डिसेंबरात ठाण्याला मुलाकडे गेल्यावर तो स्वेटर त्यांना सोसायटीच्या वॉचमनच्या अंगात दिसला. कोणाला काही न बोलता त्या परतल्या आणि तेव्हापासून त्यांनी सुया हातात धरलेल्या नाहीत. आता मैत्रिणींनी जूनमध्ये हिमाचल प्रदेशातल्या लाहुलला जायचे ठरवले आहे. यजमान म्हणतात, ‘आधी घरातली लोकर संपव, मग पुढचा प्रवास काढ.’ भाची म्हणते, ‘विणून विकायला लाग, खर्च तरी निघेल.’ त्या विचारतात, ‘इतकी वर्षे केले ते सारे वायाच होते का? आणि कोणी वापरतच नसेल, तर पेन्शनचे पैसे यावर घालवण्याचा मला हक्क आहे का?’

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की लोकरीचा हिशोब तुम्ही दीड पान दिला आहे आणि वॉचमनचा प्रसंग चार ओळींत उरकला आहे. जिथे दुखते तिथे माणूस हात लावत नाही, तसे हे झाले असावे. म्हणून मी त्या चार ओळींपासूनच सुरुवात करते. लोकरीचे आणि लाहुलचे पुढे पाहू.

तुम्हाला वाईट वाटले यात गैर काहीच नाही. चार महिन्यांच्या संध्याकाळी ज्या वस्तूत गेल्या, ती आपल्या माघारी दुसऱ्याला देऊन टाकलेली दिसली, तर विणणाऱ्या कोणाच्याही पोटात तुटते. मुलाने तुम्हाला आधी सांगायला हवे होते, हेही खरेच. मात्र या प्रसंगावरून ‘त्याला माझी किंमत नाही’ असा जो निष्कर्ष तुम्ही काढला आहे, तो मला घाईचा वाटतो. ठाण्यात थंडी म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. पहाटे पंख्याचा वेग कमी केला की तिथली बहुतेक थंडी भागते. शिवाय कुलूची म्हणून तुम्ही जी लोकर आणली, ती तिथल्या स्थानिक मेंढ्यांची, हाताला राठ लागणारी होती, असे तुम्हीच लिहिले आहे. लोकरीचा तंतू साधारण 30 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड झाला की त्याचे टोक कातडीला टोचू लागते. मरिनो मेंढीची लोकर 20च्या आसपास असते म्हणून मऊ लागते, पश्मिना त्याहूनही बारीक असते. राठ लोकरीचा स्वेटर आतल्या शर्टावर चालतो, पण मानेशी आणि मनगटाशी तो खाजतोच. त्यातून माप शर्टाचे घेतलेले. शर्ट अंगापासून सुटा असतो आणि विणलेला स्वेटर ताणला जातो, त्यामुळे शर्टाचे माप स्वेटरला हमखास चुकते. तो स्वेटर मुलाला घालता आला नाही आणि आईला तसे तोंडावर सांगता आले नाही, एवढेच कदाचित घडले असेल. आपल्या घरांत मुले आईच्या हातच्या वस्तूला नाव ठेवत नाहीत, गप्प बसतात; आणि ते गप्प बसणेच पुढे आईला अधिक लागते.

ज्याच्या अंगात तुम्ही तो स्वेटर पाहिला, तो माणूस रात्रभर फाटकाशी बसतो. त्या इमारतीत लोकरीच्या स्वेटरची खरी गरज असलेला बहुधा तो एकटाच असेल. मुलाने तुमचा स्वेटर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात न टाकता गरज असलेल्या माणसाला दिला, हे मी तुमच्या जखमेवर पट्टी म्हणून सांगत नाही, पण नोंद घेण्यासारखे आहे.

माझाही एक अनुभव सांगते. भावाच्या नातीसाठी मी लोकरीचा अख्खा बाळंतविडा विणला होता: झबले, टोपडे, कुंची, मोजे आणि वर दुपटे. बाळ एप्रिलचे आणि गाव सोलापूर. आमच्या घरात पहिल्या बाळाला आत्या विणतेच, या एका विचारापुढे मला सोलापूरचा उन्हाळा सुचलाच नाही. वर्षभराने कपाटात तो विडा जसाच्या तसा, मी घातलेल्या पातळ कागदाच्या घडीसकट दिसला. महिनाभर मी मनातून धुमसत होते. मग भावाच्या सुनेला सरळ विचारले की तुला काय विणून हवे आहे. तिने सांगितले, ‘आत्या, सुती, मशीनमध्ये धुता येईल असे काहीतरी द्या.’ सुती धाग्याचे, क्रोशाचे साधे दुपटे विणून दिले. ते पोरीने चार वर्षे ओढत नेले, त्याच्या कडेची झालर चावून चावून गेली आणि दोनदा मी ती नव्याने लावून दिली. दोन्ही वस्तूंत माझा जीव सारखाच होता. फरक इतकाच की दुसरी विणण्याआधी मी विचारले होते.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा की मुलाला फोन करा. तक्रारीचा सूर नको, आणि स्वेटर परत मागण्याचा तर नकोच. ‘तो स्वेटर वॉचमनच्या अंगात पाहिला, मला वाईट वाटले, तुला तो टोचत होता का, की मापात चुकला होता, एवढे सांग, म्हणजे पुढच्या वेळी मला कळेल,’ इतके पुरे आहे. तो अवघडेल, कदाचित माफी मागेल, कदाचित बायकोवर ढकलेल. काहीही झाले तरी डिसेंबरपासून तुमच्या मनात जे अडकले आहे, त्याला वाट मिळेल.

ज्या वाचक भगिनी, आणि विणणारे बंधूही, घरच्यांसाठी विणतात, त्यांनाही मी हेच सुचवेन: अचानक देण्याचा मोह आवरा. ज्याच्यासाठी विणायचे त्याला लोकरीचा गुंडा दहा मिनिटे मानेशी धरायला द्या. तो जो स्वेटर नेहमी घालतो, तो जमिनीवर सपाट पसरून त्याचे माप घ्या. कपडे हाताने धुणारे घर आहे की मशीनमध्ये टाकणारे, हे विचारून मगच धागा निवडा, कारण अस्सल लोकर गरम पाण्यात आणि घुसळण्यात आटते आणि तिचा नमदा, म्हणजे दाट जाड थर, होतो. मुंबई-ठाण्याच्या, कोकणातल्या आणि गोव्याच्या माणसांसाठी सुती धागाच बरा.

आता लोकरीकडे वळू. यजमानांच्या म्हणण्याचा आधी हिशोब मांडून पाहू. मध्यम जाडीच्या लोकरीत 10 सेंटिमीटरला 20 टाके आणि 28 ओळी असे प्रमाण धरले, तर मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला 45,000च्या आसपास टाके पडतात. सरावलेल्या हाताने मिनिटाला 25 टाके घातले तरी हे निव्वळ 30 तासांचे काम झाले. शिवण, गळा, बटणपट्टी वेगळी. अशा स्वेटरला अर्धा किलो लोकर धरा. तुमच्या 9 किलोंचे 18 स्वेटर होतात, म्हणजे 540 तास. रोज दोन तास विणले तरी नऊ महिने लागतील. जूनपर्यंत हे होणे नाही, आणि ते करायला घेतलेत तर विणणे तुम्हाला नकोसे होईल. म्हणून ‘लोकर संपव, मग जा’ ही अट मला मान्य नाही. प्रवास आणि लोकर या दोन स्वतंत्र गोष्टी तिने एकमेकींना बांधून टाकल्या आहेत.

परंतु त्या वाक्यात एक खरी गोष्टही आहे आणि ती तुम्ही ऐकावी असे मला वाटते. लोकर जमवणे आणि लोकर विणणे हे दोन वेगळे छंद आहेत. दोन्ही चांगले आहेत, पण एकाने दुसऱ्याची भूक भागत नाही. तुम्ही ज्या खरेद्या लिहिल्या आहेत त्यांत बहुतेक ठिकाणी ‘दोन लडी’, ‘एक लडी’ असे आहे. एक लडी म्हणजे बहुधा 50 किंवा 100 ग्रॅम. 100 ग्रॅमात मोज्यांची एक जोडी होते, एखादी कानटोपी होते, बारीक धागा असेल तर जाळीची मानपट्टी होते. स्वेटर होत नाही. आणि त्याच रंगाची आणखी लडी नंतर मिळाली तरी रंगाचा घाणा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली खेप, वेगळा असल्याने विणल्यावर पट्टा पडलेला दिसतो. तुमच्या 11 अर्धवट कामांपैकी किमान चार तुम्ही ‘लोकर पुरली नाही’ म्हणून सोडली आहेत, हे त्यामुळेच. यापुढे दुकानात उभे असतानाच ‘याचे काय होईल आणि त्याला किती ग्रॅम लागतील’ हे ठरवा, आणि ठरत नसेल तर लडी हातात घेऊन पाहा, दाद द्या आणि ठेवून द्या.

घरातल्या लोकरीसाठी एक संपूर्ण दिवस काढा. दोन्ही ट्रंका उपसा, लोकर सावलीत हवेशीर पसरा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक रंग तोला आणि चिठ्ठीवर गाव, वर्ष आणि ग्रॅम लिहून बांधा. कुठली लोकर अस्सल आणि कुठली ॲक्रिलिक हे विसरला असाल, तर इंचभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहा. अस्सल लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ही पारख महत्त्वाची, कारण अस्सल लोकरीलाच कसर लागते. लेहची पश्मिना आणि मुनस्यारीची अंगोरा सशाची लोकर बंद पिशवीत, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याबरोबर ठेवा आणि दर दोन महिन्यांनी उघडून झटका. अस्सल आणि ॲक्रिलिक एका वस्तूत मात्र एकत्र करू नका. पहिल्या धुण्यात एक आटेल, दुसरी आटणार नाही आणि वस्तू वाकडी होईल.

अर्धवट कामांपैकी एकेक मांडीवर घ्या आणि स्वतःला विचारा की आज ही लोकर नवीन हाती आली असती, तर मी हेच विणायला घेतले असते का. उत्तर ‘हो’ असेल ती ठेवा. माझा अंदाज आहे की तीन-चारच उरतील. बाकीची उसवा. ‘उसवणे’ हा शब्द आपल्याकडे मोडण्याच्या अर्थाने वापरतात, म्हणून तो जड जातो. पण कापड कापले की कापले. विणलेली वस्तू शेवटपर्यंत एकच सलग धागा असते आणि तो धागा पुन्हा पहिल्यासारखा होतो, ही या कलेची मोठी कृपा आहे. उसवलेला धागा शेवयांसारखा कुरळा येतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, न पिळता टॉवेलात दाबा आणि दांडीवर अडकवून खाली एखादी वाटी बांधा. सकाळी धागा सरळ झालेला असतो. मागच्या वर्षी मी अशीच सात वर्षे रखडलेली एक जांभळी जॅकेट उसवली. तिच्या बाहीवर मला टाके सुटल्याची एक जागा सापडली, जिथे फोन वाजल्यामुळे मी काम बाजूला ठेवले होते आणि पुन्हा हातात घेतले नव्हते. सात वर्षे ज्या कामाची मला टोचणी होती, ते एका संध्याकाळीत 420 ग्रॅम चांगली लोकर होऊन गुंडाळले गेले.

भाचीच्या सूचनेबद्दल थोडक्यात सांगते. स्वेटरचे 30 तास वर लिहिलेच आहेत. लुधियानाच्या यंत्रावर विणलेला स्वेटर ज्या भावाला मिळतो, त्याच्याशी तुमच्या हाताने स्पर्धा करायची नसते. ठरावीक गिऱ्हाईक आणि ठरावीक तारीख यांची ओढ तुम्हाला असेल तर अवश्य विका, पण केवळ प्रवासाचा खर्च रास्त ठरवण्यासाठी म्हणून नको. त्याऐवजी देण्याचीच इच्छा असेल, तर केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना मऊ सुती टोप्या लागतात, आणि स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसाठी सुती धाग्याचे क्रोशाचे कृत्रिम स्तन विणून ते विनामूल्य पुरवणारे गट आपल्या देशात काम करतात. त्यांचे माप, धागा आणि नमुना ठरलेला असतो, म्हणजे मागून, विचारून विणण्याचाच हा प्रकार आहे.

हक्काचे म्हणाल, तर माझे उत्तर एका शब्दाचे आहे: आहे. पेन्शन तुमच्या नोकरीची आहे आणि घरखर्च भागवून उरलेल्या पैशांतून तुम्ही हे करता, असे तुम्ही लिहिले आहे. कोणी वापरले तरच माझे विणणे सार्थ, हे गृहीतक तुम्ही कुठून घेतले, याचा मात्र विचार करा. संध्याकाळी गाणे म्हणणाऱ्या बाईला ‘याचा उपयोग काय’ असे कोणी विचारत नाही. सुया हातात असताना तुमच्या डोक्यातली घालमेल थांबते, आईचा आवाज आठवतो, हे तुमच्याच पत्रातले आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. यजमानांशी मात्र लोकरीवर बोलू नका, तुम्ही प्रवासाला जाता त्या बारा दिवसांवर बोला. तुम्ही जाता तेव्हा ते डबा आणून एकटे जेवतात, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. त्यांना खटकते ते ट्रंकेतले की ताटावरचे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. लाहुलच्या आधी किंवा नंतर दोघांनी मिळून चार दिवसांची एक सहल ठरवली, तर कदाचित ही अट आपोआप विरघळेल.

त्या सहलीसाठी एक ठिकाण सुचवते. तुमच्या यादीत हिमालय आहे, शेटलंड आहे, पण महाराष्ट्राची लोकर नाही. आपल्या दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर धनगर कातरतात आणि सणगर खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर, तिची घोंगडी विणतात. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नव्या घोंगडीला तो विशिष्ट कडकपणा येतो. सांगली, सातारा, सोलापूर या भागांत हे काम अजून चालते. सुयांवर विणायला ती लोकर फार जाड पडते, पण तिच्या बैठका आणि पिशव्या उत्तम होतात. मागावरच्या कामाला आणि सुयांवरच्या कामाला आपली भाषा ‘विणणे’ हा एकच शब्द वापरते. तो माग जवळून पाहिलात तर दोन्हींतला फरक आणि नाते दोन्ही दिसेल.

आणि लाहुलला जा. तुमच्यासाठी याहून योग्य जागा मला सुचत नाही. लाहुली बायकांच्या हातमोज्यांना आणि पायमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. 2020च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू होईपर्यंत रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की हे खोरे कित्येक महिने बाहेरच्या जगापासून तुटत असे, आणि त्या लांब हिवाळ्यात घराघरांत विणणे चाले. हे कौशल्य तिथेही प्रवास करूनच पोचले आहे. 1850च्या दशकात लाहुलमधल्या केलाँगला मोरावियन हे ख्रिस्ती मिशन आले आणि त्यातल्या मारिया हायडे यांनी तिथल्या बायकांना सुयांवर विणायला शिकवले. पुढे त्या बायकांनी त्यात आपले रंग आणि आपली नक्षी घालून ते इतके आपलेसे केले की आज ते लाहुलचे म्हणूनच ओळखले जाते.

तिथे गेल्यावर या वेळी लडी आणू नका. विणलेल्या मोज्यांची एक जोडी विणणारीच्या हातून, ती सांगेल त्या किमतीला घ्या; 30 तासांचा हिशोब तुम्हाला आता ठाऊक आहे, तेव्हा घासाघीस होणार नाही. मग तो मोजा उलटा करून पाहा. पुढून दिसते ती नक्षी असते, आत दिसते ती विणणारीची शिस्त: त्या टाक्यांना न लागणारा दुसऱ्या रंगाचा धागा मागून किती टाक्यांपर्यंत मोकळा नेला आहे, तो किती सैल सोडला आहे, कुठे अडकवला आहे. हा धागा चार-पाच टाक्यांहून लांब मोकळा राहिला तर मोजा घालताना बोटे त्यात अडकतात. शेटलंडजवळच्या फेअर आयलच्या नक्षीतही एका ओळीत दोनच रंग असतात. तिकडून आणलेली टोपी या मोज्याशेजारी उलटी करून ठेवलीत, तर दोन टोकांच्या बायकांनी एकच अडचण कशी सोडवली, हे तुमच्या डोळ्यांना माझ्यापेक्षा चांगले दिसेल. एखादी बाई शिकवायला तयार झाली तर तिला शिकवण्याचे पैसे द्या आणि फक्त टाच वळवायला शिकून घ्या, कारण दोन सुयांवर आयुष्य गेलेल्या विणकरणीला चार सुयांवरची टाच हीच खरी अडते. विमानाने जाताना धातूच्या सुया चेक-इनच्या बॅगेत टाका.

शिकण्यापुरती लोकर घरूनच न्या. मुलाच्या स्वेटरची 150 ग्रॅम लोकर शिल्लक आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ती राठ आहे, म्हणून गळ्याशी टोचली असावी. मोज्यांना तीच टिकाऊ ठरेल, आणि 150 ग्रॅमात मोठ्या माणसाची एक जोडी सहज होते. ठाण्याला फोन कराल तेव्हा मुलाला विचारा की त्याला लोकरीचे मोजे हवे आहेत का. तो नको म्हणाला, तर त्याच्याकरवी फाटकाशी बसणाऱ्या त्या माणसाला विचारा, आणि त्याच्या पावलाचे माप टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये घेऊन ठेवायला सांगा.